खरं बोलायचं टेबल

कादंबरी वाईट आहे हे मला तिसऱ्या प्रकरणातच कळलं होतं. पण ती वाईट आहे असं म्हणायची सोय नव्हती. ती बाबांनी मागवलेली होती, आणि खोकं दारात आलं तेव्हा बाबा नव्हते.

"भगवंतराव आहेत का?" कुरिअरवाल्याने विचारलं.

"नाहीत."

"केव्हा येतील?"

या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं असतं तर त्याला आत बोलवावं लागलं असतं, पाणी द्यावं लागलं असतं, आणि त्यालाही उगाच ओशाळून बसावं लागलं असतं. त्याच्या गाडीवर अर्ध्या अमरावतीची पार्सलं उन्हात तापत होती. मी म्हटलं, "उशीर होईल. माझ्याकडे द्या."

खोक्यात एकाच कादंबरीच्या प्रती होत्या. नाव 'खरं बोलायचं टेबल'. परदेशी कादंबरीचा अनुवाद. कुठल्याशा वर्तमानपत्रात तिचं कौतुक वाचून बाबांनी आमच्या शनिवार मंडळातल्या प्रत्येकासाठी एक आणि वर काही जास्तीच्या अशा मागवून ठेवल्या होत्या.

कथानक सांगून टाकते, म्हणजे कोणाला वाचायचा धोका पत्करावा लागणार नाही. समुद्राकाठी एक गाव. तिथल्या कॅफेत कोपऱ्यात एक टेबल. त्यावर जो बसेल त्याने समोरच्या अनोळखी माणसाशी फक्त खरं बोलायचं. मग एक टोप्या शिवणारी बाई येते, एक घटस्फोटित पियानोवादक येतो, एक निवृत्त खलाशी येतो, आणि बँकेतला एक साहेब येतो ज्याला लहानपणापासून चित्रकार व्हायचं असतं. सगळे खरं बोलतात, आणि ते खरं दर वेळी एकच असतं. 'मी फार एकटी आहे.' 'मीही फार एकटा आहे.' एवढ्या जाड पुस्तकात एकही माणूस समोरच्याला 'तुम्ही हीच गोष्ट मघाशी सांगितली' असं म्हणत नाही. वास्तविक खरं बोलायची मुभा मिळाली की माणसाच्या तोंडात आधी हेच येतं. शेवटी बाहेर बर्फ पडतो, आत सगळे एकमेकांना मिठ्या मारतात, आणि टोपीवाली व पियानोवाला लग्न करतात. ते दोघं एकमेकांना भेटले नव्हते तेव्हापासून हे लग्न होणार हे मला माहीत होतं. लग्नाला जायची मात्र इच्छा झाली नाही.

आता मंडळाबद्दल. शनिवार मंडळ म्हणजे आमचा व्हरांडा, काही खुर्च्या, चहा आणि भांडण. नियम दोनच, दोन्ही बाबांनी केलेले. एक, पुस्तकाबद्दल बोलताना कोणीही सभ्यपणा करायचा नाही. दोन, ज्याने पुस्तक निवडलं असेल त्याने सगळ्यांत शेवटी बोलायचं. तोवर मार खायचा. बाबांची स्वतःची निवड फसली की ते चष्मा पुसत म्हणत, "चुकलं आपलं. पुढचं काढा." आणि पुढचं काढलं जाई.

मंडळात मुख्य आवाज गोदाकाकूंचा. आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण हातातली छडी त्यांनी नंतर साहित्याकडे वळवली. एका गाजलेल्या कादंबरीवर त्यांचं मत मंडळात प्रसिद्ध आहे: "हा माणूस तीनशे पानं रडते आन एकदाही नाक पुसत नाही." दुसरे धर्मपालकाका, वीज मंडळातले निवृत्त अभियंता. हातात पेन्सिल घेऊन वाचतात आणि लेखकाची चूक सापडली की शॉर्टसर्किट सापडल्यासारखे खूश होतात. तिसरा किशोर. चौकात त्याचं बिछायत केंद्र आहे. लग्न, बारसं, सत्कार, तेरवी, कशालाही खुर्च्या, गाद्या आणि टेबलं त्याच्याकडूनच जातात. मंडळाच्या खुर्च्याही त्याच्याच.

बाबा गेल्यावर हे सगळं बंद पडेल अशी मला भीती होती. बाकीच्या गोष्टी मी निभावल्या. फोन केले, सह्या केल्या, येणाऱ्यांना चहा दिला, आणि प्रत्येकाला तीच हकीगत त्याच क्रमाने सांगितली. पण शनिवारी दुपारी व्हरांड्यात कोणी भांडत नसेल तर त्या घरात राहून काय करायचं, हे मला सुचत नव्हतं.

म्हणून मी प्रती वाटल्या. आणि पुढच्या शनिवारी सगळे आले.

बाबांच्या खुर्चीवर कोणी बसलं नाही. ती रिकामी दिसू नये म्हणून गोदाकाकूंनी तिच्यावर आपली भाजीची पिशवी ठेवली. पिशवीतून मेथी डोकावत होती. मला काकूंचे आभार मानावेसे वाटले, पण तशी आमच्यात पद्धत नाही.

"तं मंग," गोदाकाकूंनी घसा साफ केला. मी मनातल्या मनात पदर खोचला. "पुस्तक चांगलं हाय."

मला वाटलं, पुढे 'पण' येईल. आला नाही.

"कागद मजबूत हाय," काकू म्हणाल्या आणि मेथीकडे पाहू लागल्या.

"मुद्रितशोधन उत्तम आहे," धर्मपालकाका म्हणाले. "अनुवादकाने कष्ट घेतलेले दिसतात, बेटा."

"एक नंबर पुस्तक, ताई!" किशोर म्हणाला. "माह्या तं डोळ्यात पाणी आलं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. वाईट पुस्तकं ओळखण्याचा मला पगार मिळतो. मी म्हटलं, "बाबांची निवड नेमकी होती."

मग चहा झाला. कोणी भांडलं नाही. निघताना गोदाकाकू म्हणाल्या, "बाई, छान झाली सभा." मंडळाच्या इतिहासात इतकी वाईट सभा झाली नव्हती.

ही माणसं मला जपत होती. ज्या काकूंनी माझ्या मावशीला तिच्याच घरच्या मांडवात 'जावई बुटका हाय' असं सांगितलं होतं, त्या आज कागदाची स्तुती करत होत्या. मलाही ते समजत होतं. पण बाबांनी निवडलेलं शेवटचं पुस्तक फालतू आहे हे मी म्हणायचं, आणि शेवटी बोलायला ते नाहीत? ते काही मला जमेना. असे दोन-तीन शनिवार गेले असते तर मंडळ सभ्यपणानेच मेलं असतं.

पण तेवढ्यात किशोरला कल्पना सुचली.

"येवढं चांगलं पुस्तक," तो फाटकापाशी थांबून म्हणाला, "नुसतं वाचून सोडून द्याचं काय? आपण बी टेबल लावू. काकाच्या नावानं. लोकं येतीन, खरं बोलतीन. टेबल आपल्याकडं हाय."

टेबलं त्याच्याकडे ढिगाने होती, अडचण ती नव्हती. अडचण ही होती की आम्ही सगळ्यांनी पाचच मिनिटांपूर्वी त्या पुस्तकाची तोंडभर स्तुती केली होती. गोदाकाकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी धर्मपालकाकांकडे पाहिलं. त्यांनी खिशातली पेन्सिल चाचपली.

"चांगली कल्पना आहे," मी म्हटलं.

बागेत टेबल लावायचं तर परवानगी लागते. संबंधित कार्यालयातले साहेब सुपारी कातरत होते.

"काय विकणार?"

"काही नाही. टेबलावर बसून लोकांनी खरं बोलायचं."

"म्हंजे प्रचार?"

"नाही हो. खरं बोलायचं आहे."

"मंग प्रचार नाही," त्यांनी मान डोलावली. "आरोग्य शिबिर?"

"नाही."

"धार्मिक?"

"नाही."

"ज्योतिष? ज्योतिषाले आपण देत नाही."

"तेही नाही."

"मॅडम," त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, "बागेत येवढ्याच गोष्टी होतात. तुमाले कशात बसवू?"

गोदाकाकू इतका वेळ त्यांचा चेहरा न्याहाळत होत्या. "तुमी दर्यापूरकडले काय हो?"

इथे बाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा. आमच्या वऱ्हाडात अनोळखी माणूस फार वेळ टिकत नाही. 'कोणत्या गावचे?' हा पहिला प्रश्न, 'कोणाकडले?' हा दुसरा. तिसऱ्या प्रश्नाला तो कोणाचा तरी साडू निघतो. धर्मपालकाकांना या दुसऱ्या प्रश्नामागचा खरा प्रश्न आयुष्यभर ऐकून कंटाळा आलेला आहे. त्यांना कोणी आडनाव विचारलं तर ते 'वाचक' असं सांगतात. पण गोदाकाकूंना हा प्रश्न शिंकेसारखा येतो. आवरता येत नाही.

साहेबांची आई काकूंच्या जाऊबाईच्या माहेरची निघाली. साहेब उठून उभे राहिले, चहा आला, आणि आमच्या अर्जावर 'कौटुंबिक स्नेहमीलन' असं लिहून शिक्का बसला. खरं बोलायच्या टेबलाचा सरकारदरबारी झालेला हा पहिला संस्कार. तो खोटा होता.

रविवारी सकाळी मी बागेत पोचले तेव्हा किशोरने टेबल मांडलं होतं. त्यावर पांढरीशुभ्र चादर. मागे फ्लेक्स. फ्लेक्सवर फुलांच्या चौकटीत बाबा, भलेमोठे. खाली 'कै. भगवंतराव स्मृत्यर्थ'. एका कोपऱ्यात गॉगल घालून हात जोडलेला किशोर, आणि दुसऱ्या कोपऱ्यात मी. माझा फोटो त्याने कुठून मिळवला कोण जाणे. आधार कार्डावरचा होता. त्यात मी नुकतंच कोणाला तरी विष घालून आल्यासारखी दिसते.

"किशोर, हे काय आहे?"

"फ्लेक्सवाला म्हणे, कोपरे रिकामे दिसून राहिले," किशोर म्हणाला.

पहिला माणूस आला. त्याने चपला काढल्या, बाबांना हात जोडले, माझ्यासमोर बसला आणि खोल आवाजात म्हणाला, "देवमाणूस होते."

"तुम्ही ओळखत होता त्यांना?"

"नाही," तो म्हणाला, "पन असं म्हणा लागते."

हे एक वाक्य तेवढं खरं. यानंतर जे आले ते सगळे हात जोडून आले, बाबांचे उपकार आठवून गेले, आणि एकाने तर ते शाळेत आपल्या वर्गात होते असं सांगितलं. तो माणूस माझ्याहून लहान होता. तेवढ्यात पांढरी चादर पाहून बागेत चालायला येणाऱ्या मंडळींचा समज झाला की इथे फुकट शुगर तपासतात. एक आजोबा न बोलता बसले आणि त्यांनी बोट पुढे केलं.

"आजोबा, इथे सुई नाही. इथे खरं बोलायचं."

"सकाळपासून काही खाल्लं नाही," आजोबा म्हणाले. "खरं बोलून राहिलो." बोट त्यांनी मागे घेतलं नाही.

त्यांच्यामागे ओळ लागली. गोदाकाकू ओळीतून फिरून नाती जुळवत होत्या. त्यात काही काकूंच्या नात्यातले निघाले, बरेचसे धर्मपालकाकांच्या खात्यातले निघाले. अनोळखी कोणी उरलंच नाही. शेवटी किशोरने आपल्या दुकानातल्या दोन पोरांना पाठवून जवळच्या औषधाच्या दुकानातून शुगरचं यंत्र मागवलं, आणि दुपारपर्यंत आम्ही बोटं टोचली. माझी शुगर काठावर निघाली. कादंबरीत असं काही होत नाही.

मला वाटलं, सुटलो. पण किशोरच्या अंगात एकदा काम शिरलं की शेवटची खुर्ची टेम्पोत चढेपर्यंत तो थांबत नाही.

"ताई, अमरावतीत आपल्याले सारेच वळखतात. तिथंच चुकलं."

"मंग अकोल्याले चला," गोदाकाकू म्हणाल्या. "तिथं आपल्याले कोण वळखते?"

"काकू, तुमची नणंद अकोल्यात आहे."

"तिच्यासंगं मी बोलत नाही. म्हंजे अनोळखीच समज."

मी या वेळी कडक अटी घातल्या. फ्लेक्स लावायचा नाही. पांढरी चादर नाही. आणि कोणीही कोणाला गाव विचारायचं नाही, स्वतःचं नाव सांगायचं नाही. काकूंनी जड मनाने मान्य केलं. किशोरचा टेम्पो लग्नाच्या सामानात अडकला होता, म्हणून आम्ही एस.टी.ने निघालो. टेबल घडीचं होतं. रस्त्यात खरचटू नये म्हणून किशोरने ते फ्लेक्समध्ये गुंडाळलं होतं. फ्लेक्स लावायचा नव्हता, वापरायचा नाही असं मी म्हटलं नव्हतं. गुंडाळताना नाव आत गेलं, किशोर आणि मी आत गेलो, आणि बाबा तेवढे बाहेर राहिले. माझ्या सीटशेजारी, बसच्या मधल्या वाटेत, उभे.

कंडक्टर आला. घाईत होता.

"हे कोण?"

"वडील," मी म्हटलं.

"पंच्याहत्तरीच्या वर?"

"हो."

"मंग याईचं मोफत. बाकीच्याईचं काढा." मग त्याचं लक्ष फुलांच्या चौकटीकडे गेलं. त्याचा चेहरा पडला. त्याने टेबलाला हात जोडले, आणि त्यानंतर जितक्या वेळा तो त्या वाटेने गेला तितक्या वेळा बाबांना पाय लागू नये म्हणून सीटच्या कडेकडेने, कसरत करत गेला. सामानाचं तिकीट त्याने फाडलं नाही.

बडनेऱ्याला एक बाई चढल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. साठीच्या असतील. हातात पिशवी, डोळ्यांवर जाड चष्मा. बस फाटकाबाहेर पडायच्या आत त्यांनी विचारलं, "कोणाकडल्या तुमी?"

"नाव-गाव सांगायचं नाही, असा नियम आहे."

"कोर्टाचं काही हाय काय?"

"नाही. वाचनाचं आहे."

"असू द्या," त्या सांत्वन केल्यासारखं म्हणाल्या. "मी इंदूबाई. माह्यावाला काही नियम नाही. लगन झालं?"

"नाही."

"काहून?"

"राहून गेलं."

"बरं हाय. मायं नाही राहिलं." त्यांनी टेबलाकडे पाहिलं. "हे वडील?"

"हो."

"काय झालं होतं?"

"हृदयाचं."

"आजारी होते?"

"नाही. आदल्या दिवशी जेवताना भाजीत मीठ कमी आहे म्हणून रागावले होते."

"होतं काय कमी?"

"हो."

"अग्नी कोणं देला?"

"मी."

"बरं केलं," इंदूबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून उकडलेल्या तुरीच्या शेंगा काढल्या, मूठभर माझ्या ओंजळीत ठेवल्या आणि स्वतः सोलायला लागल्या. भाजीतल्या मिठाचं मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. टोपीवालीने पियानोवाल्याला अख्ख्या पुस्तकात जेवढं सांगितलं त्याहून जास्त मी मूर्तिजापूर यायच्या आत सांगून बसले होते, आणि आमच्यापैकी कोणीही कोणाला मिठी मारली नव्हती.

मधे एका खड्ड्यावर टेबलाचा एक पाय आपोआप उघडला आणि धर्मपालकाका खिडकीपाशी दाबले गेले. तो पाय परत बंद करायची कळ किशोरलाही सापडेना. काका मूर्तिजापूरपर्यंत तसेच, हनुवटीखाली लोखंडी पाय घेऊन, बाहेरची शेतं बघत बसले. "व्होल्टेज ठीक आहे," एवढंच म्हणाले.

"हातात काय हाय तुमच्या?" इंदूबाईंनी विचारलं. मी पुस्तक दिलं. बोट जिभेला लावत त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. शेंग सोलावी तसं वाचत होत्या. टरफल बाजूला, दाणा तोंडात. बोरगाव मंजूला त्यांनी शेवटचं पान काढून पाहिलं आणि "हं" केलं. अकोल्याला उतरताना म्हणाल्या, "जावाई घ्याले येणार हाय, त्याले वेळ हाय. मधलं थोडं राहिलं, इथंच बसून पाहतो. तुमी कुठं हा?"

मी समोरच्या रसवंतीकडे बोट दाखवलं.

रसवंतीवाल्याने बाहेर टेबल लावायला आनंदाने होकार दिला. त्याला ते आपल्याच गिऱ्हाइकांसाठी वाटलं. किशोरने पांढऱ्या चादरीऐवजी रिसेप्शनची गुलाबी झालर लावली. ती पाहून एक कुटुंब ताटं कुठे आहेत ते शोधू लागलं. बाकीचे लोक येत, घुंगरांच्या आवाजात रस पीत, रिकामे ग्लास आमच्या टेबलावर ठेवत आणि जात. मी ग्लास उचलून आत नेऊन देत होते. रसवंतीवाला मला 'बाई, कापडबी मारा' म्हणाला.

शेवटी एक तरुण खरोखर बसला. किशोरने त्याला नियम समजावला.

"खरं बोलू?" त्याने विचारलं.

"बिनधास्त," किशोर म्हणाला.

"रसात निस्ता बर्फ हाय."

घुंगरं थांबली. रसवंतीवाला बाहेर आला. "माह्याच दुकानासमोर बसून माह्या रसाची बदनामी करून राहिले तुमी? उचला तुमचं टेबल!"

खरं बोलण्याचं हे आम्हाला मिळालेलं पहिलं फळ. तरुण पळाला. किशोर रसवंतीवाल्याला त्याच्या पोरीच्या लग्नात मांडव फुकट देऊ करू लागला. त्याला पोरगी नव्हती, त्याचाही त्याला राग आला. प्रकरण टेबल रस्त्यावर फेकण्यापर्यंत गेलं, तेव्हा गोदाकाकूंना आवरेना.

"कोणत्या गावचे हो तुमी?"

मी डोळे मिटले. रसवंतीवाला काकूंच्या अबोला धरलेल्या नणंदेचा भाडेकरू निघाला. तो एकदम मऊ झाला, 'वहिनी, घरी चला' म्हणू लागला, आणि काकू पांढऱ्या पडल्या. अकोल्यात येऊनही घरी आल्या नाहीत, हे आता नणंदेला दिवस मावळायच्या आत कळणार होतं.

"झालं," त्या खुर्चीवर बसल्या. "आता तिच्यासंगं बोला लागते."

आम्ही सगळेच बसलो. गुलाबी झालरीभोवती, चिकट टेबलावर, शनिवारसारखे. पण शनिवारी असं गप्प कोणी बसत नसे. टेबलाला टेकून ठेवलेल्या फ्लेक्सवरून बाबा आमच्याकडे पाहत होते.

तेवढ्यात इंदूबाई आल्या. रिकामी खुर्ची ओढून बसल्या आणि पुस्तक टेबलावर ठेवलं. ठेवलं म्हणजे टाकलं.

"हे कोणं निवडलं?"

गोदाकाकूंनी त्यांना डोळ्यांनी खुणावलं. धर्मपालकाका खोकले. मी म्हटलं, "वडिलांनी."

त्यांनी फ्लेक्सकडे पाहिलं. "याईनं?"

"हो."

"त्याईनं वाचलं होतं काय?"

"नाही. पुस्तक यायच्या आधीच ते..."

"मंग सुटले बिचारे," इंदूबाई म्हणाल्या.

किशोरच्या हातातला ग्लास तसाच राहिला. गोदाकाकूंचा हात तोंडावर गेला. आणि माझ्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. मलाही आधी कळलं नाही की ते हसू आहे. किती दिवसांनी आलं होतं, वाट विसरल्यासारखं अडखळत आलं, आणि मग थांबेना. मी हसत होते, डोळे पुसत होते, झालरीचं टोक हातात होतं. इंदूबाई घाबरल्या नाहीत. त्यांनी माझ्यासमोर एक शेंग ठेवली.

"मी तं दुसऱ्या प्रकरणात झोपली, बाप्पा," गोदाकाकू एकदम म्हणाल्या. "चष्मा घालून झोपली. तो काडीपाशी वाकला."

"मग तुम्ही कागद मजबूत म्हणालात ते?"

"तोंडावर पडलं ना ते पुस्तक. फाटलं नाही."

"माझ्या पेन्सिलीचं टोक पहिल्याच दिवशी मोडलं," धर्मपालकाका म्हणाले. "खुणा कुठे कुठे करणार, बेटा? पण खलाशी त्यातल्या त्यात बरा आहे."

"खलाशी?" काकूंचा आवाज चढला. "तो मुडदा तं सगळ्यात वाईट! समुद्रावर चाळीस वर्षं होता आन एक मासोळी पाहिली नाही त्यानं!"

"त्याचं मौन अर्थपूर्ण आहे."

"मौन कुठं? साठ पानं बोलून राहिला!"

"थांबा," मी म्हटलं. "किशोर, तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं ना? कुठल्या प्रसंगाला?"

किशोरने ग्लास खाली ठेवला. "ताई, मी वाचलंच नाही."

"काय?"

"तुमी सारे चांगलं म्हणले म्हणून मले वाटलं, चांगलंच असन. पाणी आलं होतं ते काकाच्या खुर्चीकडं पाहून. त्याच्यावर मेथी होती ना."

मग काकू किशोरवर तुटून पडल्या, न वाचता टेबल काढलंस म्हणून. धर्मपालकाका काकूंवर, झोपून मत दिलंत म्हणून. आणि इंदूबाई सगळ्यांवर, टोपीवालीने त्या पियानोवाल्यात पाहिलं तरी काय म्हणून. रसवंतीवाला घुंगरं थांबवून ऐकत उभा राहिला. त्याचंही म्हणणं पडलं की नुसतं खरं बोलून कोणाचं लग्न होत नाही, त्याचंही मोडलं होतं. भांडण चांगलं रंगलं. मी खुर्चीला पाठ टेकली.

आणि मग, नियमाप्रमाणे, ते थांबलं. सगळे माझ्याकडे पाहू लागले. निवडणाऱ्याने शेवटी बोलायचं असतं.

मी चष्मा काढला आणि पुसला.

"चुकलं आपलं," मी म्हटलं. "पुढचं काढा."

आवाज माझाच होता, पण गोदाकाकूंनी झटकन फ्लेक्सकडे पाहिलं. धर्मपालकाकांनी पिशवीत हात घालून दुसरं एक पुस्तक काढलं आणि टेबलावर, कोरडी जागा बघून, ठेवलं. ते त्यांनी सोबत आणलं होतं. म्हणजे अमरावतीहून निघतानाच त्यांना आशा होती.

इंदूबाईंचा जावई स्कूटर घेऊन आला. त्या उठल्या, पिशवी सावरली, आणि माझ्यासमोर थांबल्या.

"आता तं सांगा. कोणाकडल्या तुमी?"

"भगवंतरावांकडली," मी म्हटलं. "अमरावतीच्या."

"हं," त्या म्हणाल्या. "बरं."

शेजारी गोदाकाकूंनी दीर्घ श्वास घेतला. तो श्वास मी ओळखते. मी पुढे झाले आणि रसाचा भरलेला ग्लास त्यांच्या हातात दिला. "काकू, रस घ्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्कूटरवर बसणाऱ्या इंदूबाईंकडे पाहिलं, आणि मोठ्या कष्टाने, एका दमात, सगळा ग्लास संपवला. स्कूटर गर्दीत दिसेनाशी झाली.

परतीच्या बसमध्ये गोदाकाकू खिडकीबाहेर पाहत बसल्या. बोरगाव मंजू गेलं तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"चेहरा दर्यापूरकडला वाटते," त्या म्हणाल्या.